तोंडी मनाईला लेखी उत्तर: मूलभूत हक्कांवर गदा येते तेव्हा मुंबईकराने टप्प्याटप्प्याने काय करावे

नागरिकांचे हक्क एका रात्रीत काढून घेतले जातात, ही समजूत १९७५ च्या आणीबाणीने आपल्या मनात इतकी पक्की बसवली आहे की, रोजच्या कारभारात ते कसे झिजत जातात याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पोलीस ठाण्यातून आलेला ‘साहेबांनी बोलावलंय’ एवढाच फोन, सभेच्या आदल्या संध्याकाळी तोंडी नाकारलेली परवानगी, मुदत संपली की नव्या तारखेने पुन्हा निघणारा जमावबंदीचा आदेश, माहितीच्या अर्जावर ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढे एकच वाक्य लिहून आलेले उत्तर, यांपैकी एकाचीही बातमी होत नाही. तरीही सभा, भाषण, संचार आणि माहिती हे चारही हक्क बहुतेक वेळा याच मार्गाने आखडतात. या सर्व प्रसंगांत समान असलेली गोष्ट म्हणजे कागदाचा अभाव. शासनाची मनाई कलम, कारण, तारीख आणि सही यांसह लेखी मिळवणे हा हक्करक्षणाचा पाया आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. हे विवेचन बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. गुन्हा दाखल झाला असेल किंवा अटकेची शक्यता असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर वकील गाठावाच.

लेखी आदेशाला एवढे महत्त्व का

याचे उत्तर अंधेरीतल्या एका न उभारलेल्या चित्रपटगृहाच्या खटल्यात आहे. गोरधनदास भानजी यांना १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी दिली, आणि नंतर ती रद्द झाल्याचे ‘शासनाच्या निर्देशावरून’ कळवले. सर्वोच्च न्यायालयापुढे आयुक्तांच्या बाजूने असे सांगण्यात आले की, निर्णय प्रत्यक्षात आयुक्तांचाच होता. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कायद्याने दिलेला अधिकार वापरून काढलेल्या जाहीर आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावावा लागतो, अधिकाऱ्याच्या मनात काय होते याचा नंतर केलेला खुलासा विचारात घेता येत नाही, आणि ज्या अधिकाऱ्याला कायद्याने विवेकाधिकार दिला आहे त्याने तो स्वतःच वापरला पाहिजे, वरून आलेल्या सूचनेची री ओढून चालत नाही, हे तत्त्व तेथे रुजले. पुढे डिसेंबर १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल यांच्या खटल्यात याच निकालाचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले की, आदेशात नसलेली कारणे मागाहून शपथपत्रातून पुरवता येत नाहीत.

व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. आदेश लेखी असेल तर शासन त्यातील कारणांना बांधले जाते आणि ती कारणे लंगडी असतील तर आदेश टिकत नाही. आदेश तोंडी असेल तर न्यायालयात ‘आम्ही असे काही म्हटलेच नाही’ असे उत्तर देण्याची मोकळीक राहते. तोंडी मनाईकडे प्रशासनाचा ओढा का असतो, हे वेगळे सांगायला नको.

याच शहरातले दुसरे उदाहरण आणीबाणीतलेच आहे. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील मजकुरावर सेन्सॉरने बंदी घातली तेव्हा ती बंदी लेखी असल्याने तिला आव्हान देता आले, आणि आणीबाणी चालू असतानाच, १९७६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सेन्सॉरच्या अधिकाराच्या मर्यादा दाखवून दिल्या. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे मत तेवढे वेगळे होते. तो निकाल २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात स्पष्टपणे अमान्य करण्यात आला, आणि त्याआधीच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली होती.

पहिली पायरी: मनाई कोणी आणि कोणत्या कायद्याने केली, हे ठरवा

मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध वापरायचे असतात. अनुच्छेद १२ नुसार केंद्र व राज्य सरकार, विधिमंडळ, महानगरपालिका आणि शासनाच्या नियंत्रणाखालील प्राधिकरणे ‘राज्य’ या संज्ञेत येतात. त्यामुळे गृहनिर्माण संस्थेने सभागृह नाकारले तर मार्ग वेगळा, आणि पालिकेने मैदान नाकारले तर वेगळा.

त्यानंतर तीन प्रश्न लिहून काढावेत. या मनाईला कायद्याचा आधार आहे काय? ज्या उद्देशासाठी ती केली तो घटनेने मान्य केलेला आहे काय? आणि तोच उद्देश यापेक्षा कमी जाचक उपायाने साधला असता काय? पहिला प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांवर निर्बंध घालायचे तर ते ‘कायद्याने’ घालावे लागतात. परिपत्रक, अंतर्गत सूचना किंवा वरिष्ठांचा दूरध्वनी म्हणजे कायदा नव्हे. दुसऱ्या प्रश्नासाठी अनुच्छेद १९ च्या खंड २ ते ६ मधील कारणांची यादी पाहावी लागते. भाषणस्वातंत्र्यासाठी ती यादी बंदिस्त आहे. तीत सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशी कारणे आहेत, मात्र ‘शासनाची प्रतिमा मलिन होणे’ हे कारण नाही.

ही यादी आज आहे तशी सुरुवातीला नव्हती, आणि तिच्या बदलातही मुंबईचा वाटा आहे. येथून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली, रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये जिंकले. केवळ सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण त्या वेळी घटनेत नव्हते. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ते घालण्यात आले, आणि त्याबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत हा शब्दही आला. त्या एका शब्दावर गेली पंच्याहत्तर वर्षे नागरिकांचे बहुतेक खटले उभे आहेत. म्हणून अर्जात किंवा याचिकेत ‘माझा हक्क आहे’ एवढ्यावर न थांबता ‘हा निर्बंध वाजवी का नाही’ हे लिहिणे अधिक उपयोगी ठरते.

दुसरी पायरी: सभा, मोर्चा आणि जमावबंदी

मुंबईत जमावबंदीचे आदेश मुख्यतः दोन कायद्यांखाली निघतात. एक, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ (३). आणि दुसरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचे सर्वपरिचित कलम १४४. पहिल्या कलमाखालील मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा अधिक काळ चालू ठेवता येत नाही. दुसऱ्या कलमाखालील आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकतो आणि राज्य शासन तो कमाल सहा महिने वाढवू शकते. कायद्याने मुदत घातली ती हा उपाय अपवादात्मक राहावा म्हणूनच. प्रत्यक्षात एक आदेश संपला की दुसरा तयार असतो, आणि लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या बैठका व चित्रपटगृहे यांना वगळून उरते ते मुख्यतः राजकीय व नागरी आंदोलन. वर्षभर लागू असलेली आपत्कालीन तरतूद ही आपत्कालीन राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी कलम १४४ चे आदेश वारंवार काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, आणि असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे म्हटले आहे.

कार्यक्रम ठरला की स्थानिक पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याची एक प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना द्यावी. अर्जात ठिकाण, वेळ, अपेक्षित संख्या, ध्वनिक्षेपक, स्वयंसेवकांची व्यवस्था आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क हे सर्व असावे, म्हणजे अपुऱ्या माहितीचे निमित्त राहत नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये. शिक्का देण्यास टाळाटाळ झाल्यास तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पाठवावा. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी एक छोटे पत्र द्यावे: ‘आज अमुक वाजता आपल्या कार्यालयातून परवानगी नाकारण्यात आल्याचे तोंडी सांगण्यात आले. नकाराचा लेखी आदेश कारणांसह उद्या दुपारपर्यंत द्यावा, जेणेकरून मला योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागता येईल.’ हे पत्र म्हणजे तोंडी नकाराचा पुरावा. लेखी उत्तर आले नाही, तरी उच्च न्यायालयात हीच प्रत पहिले परिशिष्ट म्हणून जोडता येते.

कलम १६३ च्या आदेशाबाबत एक सोय फारशी कोणी वापरत नाही. आदेशाने बाधित झालेली कोणतीही व्यक्ती तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच अर्ज करू शकते. अशा अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी लवकर द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात.

जागेबाबत मात्र वास्तव ओळखावे. आझाद मैदानाचा राखीव भाग सोडून दक्षिण मुंबईत अन्यत्र आंदोलनाला परवानगी मिळणे अवघड आहे. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा हक्क नाही, असे २०२० मध्ये शाहीनबागेसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण शासनाला सभांचे नियमन करता येते, सार्वजनिक जागांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे हिम्मतलाल शहा खटल्यात पूर्वीच ठरले आहे, आणि तो खटला याच पोलीस अधिनियमाखालील नियमांविषयीचा होता. म्हणून अर्जात पर्यायी जागा व पर्यायी वेळ आपणच सुचवावी. त्यानंतरही नकार आला तर तो नियमन नसून बंदी असल्याचे दाखवणे सोपे जाते.

तिसरी पायरी: नोटीस हाती आली की आधी कलम वाचा

मंत्र्यांचा दौरा किंवा मोर्चा तोंडावर आला की कार्यकर्त्यांना जी ‘१४९ ची नोटीस’ येत असे, ती आता संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती केवळ ताकीद असते. तिने कोणी आरोपी ठरत नाही आणि घरात बसून राहण्याचे बंधनही आपोआप निर्माण होत नाही. तिच्यावर सही करताना ‘मिळाली, मजकूर मान्य नाही’ असा शेरा, तारीख आणि वेळ लिहावी. ‘चॅप्टर केस’ म्हणून ओळखली जाणारी, शांतता व चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कारवाई संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली चालते. तीत सहायक पोलीस आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बंधपत्र मागू शकतात, परंतु त्याआधी मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी द्यावा लागतो आणि चौकशी करावी लागते. पहिल्याच तारखेला बंधपत्र लिहून देण्याची घाई करू नये.

कलम ३५ (३) ची नोटीस अधिक गंभीर आहे, कारण ती गुन्ह्याचा संशय असलेल्या व्यक्तीला दिली जाते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करता आधी अशी नोटीस द्यावी, हा २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचा गाभा आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या व्यक्तीला अटक करायची असल्यास तपास अधिकाऱ्याला कारणे नोंदवावी लागतात. तेव्हा हजर राहावेच, आणि हजेरीची लेखी पोच घ्यावी. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा ‘कायद्याने विहित पद्धतीने नोटीस द्यावी, मी सहकार्यास तयार आहे’ असे लेखी उत्तर देणे शहाणपणाचे. साक्षीदार म्हणून बोलावणे कलम १७९ खाली येते. १५ वर्षांखालील व ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, तसेच अपंग किंवा तीव्र आजारी व्यक्ती यांना त्यांच्या निवासाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलमाचा उल्लेखच नसलेले बोलावणे आले तर आपण साक्षीदार आहोत की संशयित, हे लेखी विचारावे.

चौथी पायरी: ताब्यात घेणे आणि अटक

‘अटक नाही, फक्त ताब्यात घेतले आहे’ हे वाक्य मुंबईत आंदोलकांना नेहमी ऐकावे लागते. मंत्रालयाजवळून गाडीत बसवायचे आणि संध्याकाळी सोडून द्यायचे, ही पद्धत पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ व ६९ वर आणि संहितेच्या कलम १७२ वर आधारलेली असते. पोलिसांचे वाजवी निर्देश न पाळणाऱ्या व्यक्तीला हटवण्याचा व किरकोळ बाबतीत प्रसंग टळल्यावर सोडून देण्याचा अधिकार या कलमांनी दिला आहे. परंतु त्यासाठी आधी निर्देश दिलेला असावा लागतो आणि तो वाजवी असावा लागतो. घरातून निघण्याआधीच कार्यकर्त्याला दारात रोखून धरण्याला ही कलमे सहजासहजी पुरत नाहीत. अशा वेळी कोणत्या कलमाखाली रोखले आहे हे विचारावे, स्टेशन डायरीत नोंद घेण्याची मागणी करावी, आणि सुटल्यावर त्याच दिवशी तसे पत्र ठाण्यात द्यावे.

अनुच्छेद २२ (२) मधील चोवीस तासांचे घड्याळ कधीपासून चालू होते, हा यातला कळीचा मुद्दा आहे. व्यक्तीच्या हालचालींवर प्रत्यक्ष निर्बंध आला तो क्षण म्हणजे अटकेचा आरंभ, तपास यंत्रणेने कागदावर लिहिलेली वेळ नव्हे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात घेतली होती. अंमलबजावणी संचालनालयाने एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब रात्री उशिरापर्यंत नोंदवल्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये झोप ही मूलभूत मानवी गरज असून अवेळी जबाब नोंदवणे अयोग्य असल्याचे म्हटले. म्हणून कुटुंबीयांनी पहिली गोष्ट करावी ती वेळ नोंदवण्याची: व्यक्ती घरातून किंवा रस्त्यावरून कधी नेली, गाडीचा क्रमांक, सोबतच्या अधिकाऱ्यांचे नामफलक, ठाण्यात पोहोचल्याची वेळ. त्याच क्षणी हा तपशील एखाद्या नातेवाइकाला संदेशाने पाठवून ठेवावा, म्हणजे संदेशाची वेळच साक्ष देते.

अटक झालीच तर पुढील गोष्टी मागून घ्याव्यात. अटकेचा पंचनामा किंवा ज्ञापन तयार होतो, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते आणि अटक झालेल्याचीही प्रतिस्वाक्षरी लागते. वेळ चुकीची लिहिली असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहावी. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. वरळीतील २०२४ च्या मोटार अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ही अट सर्व गुन्ह्यांना लागू केली. तत्काळ शक्य नसेल तर कारणे तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी दिली पाहिजेत, आणि तसे न झाल्यास अटक बेकायदेशीर ठरते. छापील नमुन्यातली ‘पुरावा नष्ट करण्याची शक्यता’ यांसारखी वाक्ये म्हणजे अटकेची कारणे नव्हेत. त्या विशिष्ट व्यक्तीवर नेमका आरोप काय, हे त्यात असावे लागते. मराठी किंवा हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद दिला तर त्याच कागदावर ‘भाषा समजत नाही’ असे लिहावे.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे, जरी संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. अनुच्छेद २० (३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, तेव्हा नाव-पत्ता सांगून पुढील प्रश्नांना ‘वकिलाशी बोलून उत्तर देईन’ म्हणता येते. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत स्त्री पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढील किंवा आजारी व्यक्तीला अटक करण्यास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर मारहाण, अटकेची खरी वेळ आणि कारणे न मिळाल्याची बाब मोठ्याने सांगावी आणि ती रोजनाम्यात लिहिण्याची विनंती करावी, कारण तेथे न सांगितलेली गोष्ट पुढे ‘नंतर सुचलेली’ ठरवली जाते. वकील परवडत नसेल तर कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

तडीपारी आणि एमपीडीए कायद्याखालील (‘धोकादायक’ ठरवलेल्या व्यक्तींना खटल्याविना डांबण्याच्या राज्याच्या कायद्याखालील) स्थानबद्धता यांचा मार्ग निराळा आहे. तडीपारीपूर्वी पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ ची नोटीस आणि सुनावणी अनिवार्य असते, आणि आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे ३० दिवसांत अपील करता येते. तडीपारी हा असाधारण उपाय असून त्यामागे विचार दिसला पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील असा एक आदेश रद्द केला होता. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाने संघटनेला बेकायदेशीर घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाला देऊ केला, आणि त्यातील ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या इतकी सैल आहे की, कोणत्याही नागरी संघटनेने आपले ठराव, सभावृत्तांत आणि हिशेब आतापासून नीट ठेवणे हिताचे आहे.

झडती आणि मोबाइल

घराच्या झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. चित्रण चालू आहे का, हे विचारावे, आणि नसेल तर पंचनाम्यात तसे लिहिण्याचा आग्रह धरावा. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घ्यावी. मोबाइल किंवा संगणक घेतला तर उपकरणाचा अनुक्रमांक आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या मजकुरात फेरफार झाला तर बदलणारा संकेतांक) नोंदवून मोहोर लावण्याची मागणी करावी. रस्त्यावर थांबवून ‘फोन उघडून दाखव’ म्हणणे याला कायद्याचे कलम लागते, आणि ते विचारणे हा उद्धटपणा नव्हे. पासवर्ड सांगण्याच्या सक्तीबाबत उच्च न्यायालयांचे सूर वेगवेगळे आहेत, म्हणून तेथे वकिलाचा सल्ला घेण्याची मुभा मागावी. ठाण्यातील वर्तनाचे चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते अधिनियम लावला जातो, परंतु पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील प्रतिबंधित ठिकाणांत येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ठरवले आहे.

घर आणि टपरी

ओल्गा टेलिस खटला मुंबईच्या पदपथवासीयांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. दोन्ही भाग लक्षात ठेवावेत, कारण पहिल्याचा उच्चार करणारे बरेच जण दुसरा विसरतात. हाती खरोखर लागते ती कार्यपद्धती: नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आवश्यक केली, जरी रस्ता, पदपथ, लोहमार्ग अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना ती लागू नाही. पालिकेची नोटीस आल्यास मुदतीतच, कागदपत्रे जोडून, विभाग कार्यालयात उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. पाली हिल येथील अभिनेत्री कंगना राणावत यांच्या बंगल्यावरील पाडकाम उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दुष्ट हेतूने केलेले ठरवले, तेव्हा नोटीस आणि हातोडा यांमधला अत्यल्प वेळ हा महत्त्वाचा मुद्दा होता. वकिलांची फौज नसलेल्या माणसाला तोच मुद्दा मांडायचा असेल, तर नोटीस चिकटवल्याचे छायाचित्र वेळेसह काढून ठेवणे हाच त्याचा वकील.

पाचवी पायरी: माहितीचा अधिकार वापरून कारणे बाहेर काढा

अर्ज राज्याच्या संकेतस्थळावरून किंवा १० रुपयांचा मुद्रांक लावून करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. तसे असल्यास अर्जाच्या शीर्षस्थानीच लिहावे. ‘परवानगी का नाकारली?’ असा प्रश्न विचारू नये, त्याला ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असे ठराविक उत्तर मिळते. त्याऐवजी कागद मागावेत: अमुक तारखेच्या अर्जावरील टिप्पणी, त्यावरील अधिकाऱ्यांचे शेरे, जमावबंदीच्या आदेशाची प्रत, मुदतवाढीस शासनाने दिलेली मंजुरी, स्टेशन डायरीतील संबंधित वेळेच्या नोंदीची प्रत. शिवाय कलम ४ (१) (घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे, त्याचा उल्लेख करावा.

हे साधनही बोथट होत चालले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन केंद्र सरकारच्या हाती गेले. वैयक्तिक विदा (डिजिटल माहिती) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (ञ) मधील व्यापक जनहिताची अट काढून टाकली. ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्यापासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांवर नकार देणे सोपे झाले आहे. तरीही कलम ८ (२) शाबूत आहे. हानीपेक्षा जनहित मोठे असल्यास माहिती देता येते, असे ते सांगते. म्हणून अर्जातच जनहित कोणते, हे दोन ओळींत मांडावे. नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, आणि नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाकडे तारीख लागायला फार काळ जातो, त्यामुळे माहितीच्या उत्तरासाठी इतर उपाय थांबवून ठेवू नयेत.

सहावी पायरी: तक्रार

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे परिमंडळाच्या उपायुक्तांना लेखी कळवावे, आणि तरीही काही न झाल्यास शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि त्याचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. यांच्याकडून तातडीचा दिलासा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. चौकशीत पोलिसांना लेखी म्हणणे द्यावे लागते, हा मात्र खरा लाभ आहे. तक्रारीबरोबरच ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची विनंती पहिल्याच दिवशी स्वतंत्र पत्राने करावी. सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे, पण चित्रण मागायला उशीर झाला की ते हमखास ‘उपलब्ध नाही’.

सातवी पायरी: उच्च न्यायालय

उच्च न्यायालयातील अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा आवाका सर्वोच्च न्यायालयातील अनुच्छेद ३२ पेक्षा मोठा आहे, आणि मुंबईकराला फोर्टपलीकडे जावे लागत नाही. व्यक्ती बेकायदेशीर कोठडीत असेल तर देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका नातेवाईक किंवा मित्रही करू शकतात. परवानगी नाकारणे, नोटीस, तडीपारी किंवा पाडकाम यांबाबत आदेश रद्द करण्याची किंवा कर्तव्य पार पाडायला लावण्याची मागणी करता येते. ‘आधी अपील करा’ असा आक्षेप घेतला जातो. मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्यायाचा अभाव किंवा अधिकारक्षेत्रच नसणे या बाबतींत पर्यायी उपाय हा अडसर ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात स्पष्ट केले आहे. वर्तमानपत्रांत या न्यायालयाचे मोठे निकाल गाजतात, जसे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या सत्यशोधन कक्षाची (सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या ‘फॅक्ट चेक युनिट’ची) तरतूद घटनाबाह्य ठरवणारा निकाल. पण न्यायालयाच्या रोजच्या यादीत एका मोर्चाच्या मार्गाचे किंवा एका नोटिशीचे साधे प्रकरणही तितक्याच हक्काने लागते.

वकिलाकडे जाताना एकच पान घेऊन जावे: तारीख, वेळ, काय घडले, त्याचा कोणता कागद आहे. त्यामागे क्रमाने अर्जाची पोच, तोंडी नकारानंतर दिलेले पत्र, नोटीस, उत्तर, माहितीचा अर्ज आणि त्याचे उत्तर लावावे. कार्यक्रमाची तारीख जवळ असेल तर किमान काही दिवस हातात ठेवून जावे. आदल्या दिवशी गेल्यास सरकारी वकील सूचना घेण्यासाठी वेळ मागतात आणि तारीख निघून जाते. अंतरिम आदेश मिळाला की त्याची अधिप्रमाणित प्रत त्याच दिवशी ठाण्यात व उपायुक्तांच्या कार्यालयात द्यावी, आणि तिचीही पोच घ्यावी.